भरली गाडी कुठे थांबवावी

डिझेलचा वास सकाळी वेगळा असतो आणि दुपारी वेगळा. सकाळी, गारठ्यातून नुकत्याच जाग्या झालेल्या इंजिनामागे तो येतो तेव्हा त्याला किंचित ओलसर, एखादं कडू पान चुरगाळावं तशी छटा असते. दुपारी पत्र्याखाली तो तापतो, जड होतो आणि जिभेवर बसतो. सुरतेबाहेर, कडोदऱ्याच्या रस्त्याला आमच्या कंपनीचं मोकळं मैदान होतं, तिथे या वासात आणखी दोन वास मिसळत. एक कोऱ्या कापडाच्या गाठींना येणारा खळीचा आंबूस वास, आणि दुसरा हंगामात चलथाणच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या गाड्यांमागून रेंगाळत येणारा उसाचा हिरवा गोडवा. आज पेट्रोलपंपावर रिक्षा थांबली की मी नकळत तो गोडवा शोधते. तो अर्थातच नसतो. पण शोधण्याच्या त्या एका श्वासात मैदान, पत्र्याची शेड, भिंतीला टेकवलेल्या वाहतुकीच्या खुणांच्या पाट्या, सगळं जागच्या जागी सापडतं.

मी मराठी घेऊन एम. ए. झाले होते. छंदःशास्त्र हा माझा जिव्हाळ्याचा विषय. एखाद्या महाविद्यालयात कविता शिकवण्याचं स्वप्न मी माहेरच्या सामानाबरोबर बांधून सुरतेला आणलं. माझे यजमान तिथल्या एका कापडरंगाईच्या गिरणीत केमिस्ट होते. सुरतेत कवितेच्या मराठी प्राध्यापिकेची कुणाला निकड नव्हती, मात्र मालवाहतूक करणाऱ्या एका कंपनीला मराठी बोलणारी शिकलेली बाई हवी होती. नव्वदीचं दशक नुकतं सुरू झालेलं. कंपनीने स्वतःच्या खर्चाने ड्रायव्हर घडवण्याचा बेत आखला होता. शिकायला येणारे बहुतेक लिंबायतमधले. यंत्रमागावर राबणारे खानदेशी, थोडे मराठवाड्याचे, थोडे विदर्भाचे. साहेबमंडळी गुजराती, करार इंग्रजीत आणि उमेदवार अहिराणीत. या तिघांच्या मध्ये उभं राहण्याचं काम माझ्याकडे आलं. गण आणि मात्रा शिकवण्याची तयारी केलेली मी, ‘पुढे अरुंद पूल आहे’ हे शिकवू लागले.

सुरुवातीला मला त्याचं वाईट वाटे. नंतर वाटेनासं झालं, आणि नंतर तर मी त्या पत्र्याच्या शेडमध्ये जितकी ऐकली गेले तितकी कुठल्याही वर्गात ऐकली गेले नसते, याची खात्री पटली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ट्रक चालवणं म्हणजे मोठी मोटार चालवणं. तसं ते नाही. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी या दोन निराळ्या प्रकृती आहेत. भरलेल्या गाडीला तिचाच माल पाठीमागून ढकलत असतो. ब्रेक दाबला की चाकं थांबायला तयार होतात, माल होत नाही. म्हणून चांगला ड्रायव्हर मनातल्या मनात खूप आधी थांबतो आणि पायाने सर्वांत शेवटी.

हे शिकण्याचे तेव्हा दोन मार्ग होते. जुना मार्ग क्लीनर होण्याचा. गाडी धुवायची, रस्से आवळायचे, उस्तादाच्या शिव्या खायच्या, आणि एखाद्या मोकळ्या पट्ट्यावर त्याला डुलकी येऊ लागली की स्टिअरिंगला हात लागायचा. नवा मार्ग आमचा. कंपनी शिकवणार, जेवू घालणार, जड वाहनाचं लायसन्स काढून देणार, आणि त्याच्या बदल्यात दोन वर्षं कंपनीचीच गाडी कंपनी सांगेल त्या रस्त्याने चालवायची. मध्येच सोडली तर शिकवणीचा खर्च परत. पहिल्या मार्गावर तुम्ही एका माणसाला बांधलेले, दुसऱ्यावर एका कागदाला. यातलं बरं कुठलं, असं मला कुणी विचारलं तर मी आजही सरसकट उत्तर देणार नाही. मी फक्त कोणते प्रश्न विचारा ते सांगत असे. पहिली गाडी नवी मिळेल की दुसऱ्याने टाकलेली? शेजारी जुना ड्रायव्हर कुठवर बसेल? वाटेत टायर फुटला तर तो कुणाच्या माथी? घरी कधी येता येईल? आजारी पडलं तर? आणि माझा एक हट्ट होता. सही करताना घरातलं कुणीतरी समोर हवं. साहेबांना, देसाईसाहेबांना, हा हट्ट मुळीच आवडला नव्हता. ‘बेन, आ निशाळ नथी,’ ते म्हणत, ही शाळा नाही. पण घरच्यांसमक्ष सही केलेले उमेदवार मध्येच पळून जात नाहीत, हे ध्यानात आल्यावर त्यांनी माझ्या टेबलासमोर आणखी एक खुर्ची टाकून दिली.

त्या खुर्चीवर काय काय माणसं बसून गेली! एक म्हातारी आई, मुलाचा करार मी वाचत असताना तिचं लक्षच नव्हतं. वाचून झाल्यावर ती उठली, मैदानात उभ्या असलेल्या, गाडी शिकवणाऱ्या आमच्या उस्तादांच्या अगदी जवळ गेली, त्यांच्या तोंडापाशी नाक नेऊन हुंगलं आणि परत येऊन मला म्हणाली, ‘दारूचा वास नाही. शिकू द्या पोराला.’ परभणीकडचा एक गृहस्थ प्रत्येक पाटीचा अर्थ समजून घेतल्यावर न चुकता विचारी, ‘आन् पाटीच नसली तर?’ वर्ग हसे. पण मला तो प्रश्न पुढे फार उपयोगी पडला, कारण आमच्या रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी पाटी नसेच. आणखी एकजण गणवेश मिळताच ट्रकसमोर फोटो काढून घेऊन जो गेला तो परतलाच नाही. काही आठवड्यांनी त्याचे वडील पेढे घेऊन आले. फोटोवर लग्न जमलं होतं.

उस्ताद म्हणजे हुसेनमियाँ. भरुचकडचे, उभी हयात रस्त्यावर गेलेली, आता गुडघे कुरकुरतात म्हणून शिकवण्याचं काम पत्करलेलं. खिशात सदैव भरुचच्या खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी. उमेदवार चांगला चालला की ते दाणे एकेक करून खात आणि बिघडला की मूठभर. त्यामुळे केबिनमध्ये काय चाललं आहे हे मला शेडमधून त्यांच्या जबड्याकडे पाहून कळत असे.

सुपडू आणि त्याची बायको सुमन ही जोडी माझ्यासमोर आली तेव्हा ऊसतोड सुरू व्हायला थोडा अवकाश होता. सुपडू तिशीतला, उंच, खांद्यातून वाकलेला. आधीची भावंडं दगावली म्हणून जन्मताच सुपात घालून नाव ठेवलेला. कळायला लागल्यापासून लिंबायतमध्ये यंत्रमागावर. छातीत तंतू जातात, रात्रभर खोकला येतो, म्हणून त्याला माग सोडायचे होते. सुटीच्या दिवशी शेजाऱ्याचा टेम्पो चालवून त्याने हलक्या गाडीचं लायसन्स काढलेलं होतं. त्याच्यापुढे दोन्ही मार्ग खुले होते. सुमनच्या भावाची गाडी चलथाणला उसावर लागत असे, आणि भावाने त्याला क्लीनर म्हणून बोलावलंही होतं. करारबिरार काही नाही, दोन हंगामांत स्टिअरिंग तुझ्या हातात, असा त्याचा निरोप होता.

मी करार वाचून दाखवला. सुपडू मान डोलवत राहिला. सुमनने मात्र मध्येच हात वर केला.

“ताई, कागद ऱ्हाऊ द्या. हाई सांगा, याले कंपनी दूर धाडी का?”

“धाडेल. मुंबई, इंदूर, कुठेही.”

“आन् गाडी बिघडनी तं?”

“दुरुस्ती कंपनीची.”

“याले कोनी शिव्या दिन्या तं?”

“त्या मात्र त्याच्या त्याने घ्यायच्या.”

ती पहिल्यांदा हसली. मी म्हटलं, “सुमनबाई, तुमच्या सख्ख्या भावाची गाडी आहे. तिथे कसलं बंधन नाही. नीट विचार केलात ना?”

“मना भाऊ शे, म्हनीसनच नको,” ती म्हणाली. “त्याना गाडीवर हाऊ जलमभर पाव्हना ऱ्हाई. पाव्हनाले कोनी शिकाडस का? चहा पाजतस.”

भाऊ आहे म्हणूनच नको. त्याच्या गाडीवर हा जन्मभर पाहुणा, आणि पाहुण्याला कुणी शिकवत नाही, चहा पाजतात. हे इतकं स्वच्छ होतं की मी कागद सुपडूपुढे सरकवला. सुपडू म्हणाला, “ती म्हनी तसंच,” आणि त्याने सही केली. उठताना सुमन टेबलावर हात ठेवून मला म्हणाली, “ताई, तुमना भरोसावर.” असं पुष्कळजणी म्हणत. पण तिचा हात टेबलावरून लगेच उचलला गेला नाही, आणि तो भार मला जाणवत राहिला.

मैदानावर सुपडू छान चालला. हुसेनमियाँ एकेक दाणा खात होते. मग वाळूची पोती भरलेली गाडी घेऊन ते बारडोलीच्या रस्त्याला लागले आणि सगळं बिनसलं. कुठे काही वेगळा आवाज झाला, साखळी वाजली, खडा उडून पत्र्याला लागला, की सुपडूचा पाय ब्रेकवर. गाडी जिथे असेल तिथे, भर रस्त्यात, खाडकन उभी. मागून हॉर्नचा कल्लोळ. एकदा, दोनदा, रोज. उस्तादांनी प्रेमाने सांगून पाहिलं, मग प्रेमाशिवाय. काही उपयोग होईना. मागावरून आलेल्या इतरांतही ही खोड थोडीफार होती, पण सुपडूत ती हाडात मुरल्यासारखी होती.

एके दिवशी दुपारी उस्ताद शेडमध्ये आले आणि शेंगदाण्यांची पुडी त्यांनी माझ्या टेबलावर आपटली.

“बेन, इसको घर भेजो.”

“काय झालं?”

“ताडपत्री फडफडी. बस! ताडपत्री! और भाईसाब ने बीच रोड पे गाड़ी खड़ी कर दी. पीछे गन्ने की गाड़ी थी. वो बेचारा साइडपट्टी पे उतर गया, आधा गन्ना नहर में.”

“कुणाला लागलं तर नाही?”

“अल्ला का करम. पर उस ड्राइवर ने जो गालियाँ दीं, बेन, इतने साल में मैंने किसी को नहीं दीं. और मैं सुनता रहा. क्या बोलता? सही दे रहा था.”

सुपडू दारात उभा होता. मी विचारलं, “का थांबवलीस?”

“काहीतरी तुटलं असं वाटलं.”

“मग?”

“मग थांबवली.” त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू जगात याखेरीज दुसरं काही करता येतं हेच त्याच्या गावी नव्हतं.

आठवड्याअखेर साहेब स्वतः गाडीत बसून चाचणी घेणार होते, आणि त्या चाचणीनंतर यादीतून नावं कापली जाणार होती. सुपडूचं नाव कापलं तर त्याला परत जायला जागा नव्हती. त्याचे माग शेठने दुसऱ्या कारागिराला दिले होते. मेहुण्याचा हंगाम सुरू झाला होता आणि तिथेही दुसरा क्लीनर लागला होता. हे सगळं मला सुमनने सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ती माझ्यासमोर त्या खुर्चीवर येऊन बसली. रडली नाही. चिडलेली होती.

“तो घर बी असाच करस,” ती म्हणाली. झोपेत पंख्याचा आवाज जरा बदलला की उठतो आणि बटण बंद करतो, आम्ही सगळे घामाने निथळतो. स्टोव्ह जरा वेगळा फुरफुरला की विझवतो, भात अर्धा कच्चा. “मी म्हनस, अरे देख तं आधी! तो म्हनस, आधी बंद, मंग देखानं.”

आधी बंद, मग बघायचं. मी तिला म्हटलं, “तो जिथे काम करत होता ते खातं मला दाखवाल?” सुरतेत मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात.

लिंबायतच्या त्या बोळात शिरताना आवाज आधी पायांना कळला. जमीन थरथरत होती. आत गेल्यावर तो आवाज राहिलाच नाही, तो एक पदार्थ झाला, दाट, ज्यातून हातांनी वाट काढावी लागते. हवेत तंतू तरंगत होते आणि खिडकीच्या उन्हात ते सोन्याच्या चुऱ्यासारखे दिसत, इतके सुंदर, की ते माणसांच्या छातीत जातात हे क्षणभर विसरायला व्हावं. सुपडूच्या जुन्या जागेवर एक पोक्त कारागीर होता. चार बाजूंना माग, मध्ये तो. सुमन आणि मी भिंतीला चिकटून उभ्या राहिलो. मला सगळे माग सारखेच ऐकू येत होते. अचानक तो कारागीर पाठमोरा असताना वळला आणि मागच्या मागाच्या दांड्यावर त्याचा हात पडला. माग थांबला. मग तो वाकून पाहू लागला. ताण्याचा एक उभा धागा तुटला होता, केसाएवढा. त्याने गाठ मारली, दांडा ओढला, माग पुन्हा चालू.

बाहेर येऊन कान मोकळे झाल्यावर त्याने मला समजावलं. धागा तुटून माग चालू राहिला तर कापडात चीर पडत जाते आणि अख्खा तागा बाद होतो. म्हणून आवाजात फरक पडला की विचार करायचा नाही, हात आधी. “सुपडू?” तो म्हणाला. “त्याना हात तं धागा तुटाना आधी दांडावर पडे!”

मला त्या बोळात उभ्या उभ्या माझं जुनं छंदःशास्त्र आठवलं. वृत्तात ओळीच्या मध्ये विसावा असतो, त्याला यती म्हणतात. तो नेमक्या अक्षरावर यावा लागतो. शब्दाच्या पोटात आला तर शब्द फुटतो आणि सगळी ओळ लंगडते. यतिभंग हा मोठा दोष मानला आहे. पण विसावाच घ्यायचा नाही, असं कुठल्याही आचार्याने सांगितलेलं नाही. सुपडूचा दोष थांबण्यात नव्हता. तो फक्त शब्दाच्या पोटात थांबत होता.

हे मी हुसेनमियाँना जसंच्या तसं सांगितलं नाही. मी त्यांना मागाची गोष्ट सांगितली, दांडा, धागा, तागा. ते ऐकत राहिले. पुडी हातात होती, पण दाणा तोंडात जात नव्हता.

“मतलब ये बिगड़ा हुआ नहीं है,” ते शेवटी म्हणाले. “ये सीखा हुआ है.”

“मग सोपं झालं ना?”

“उल्टा! कच्चे को सिखाना सोपा. पके हुए को?” ते ‘सोपा’ हा शब्द माझ्याकडूनच शिकले होते आणि मला खूश करायचं असलं की वापरत. मग ते उठून सुपडूच्या गाडीभोवती एक फेरी मारून आले. परत येऊन म्हणाले, “बेन, इसका रुकना मैं नहीं छुड़ा सकता. मैं इसको रुकने की जगह देता हूँ.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जे केलं ते मी त्याआधी किंवा नंतर कुठल्याही शिक्षणपद्धतीत पाहिलेलं नाही. गाडी चालू असताना सुपडूने सतत मोठ्याने बोलायचं. पुढे गाडी सुरक्षित उभी राहू शकेल अशी जी पहिली जागा दिसेल तिचं नाव घ्यायचं. ती मागे पडली की लगेच पुढची. एक क्षणही जागेविना जायचं नाही. काही वाजलं, काही तुटलं, तरी गाडी त्या जागेपाशी नेऊन मगच ब्रेकवर पाय टेकवायचा. हाताला दांडा हवा ना? हा घे दांडा, फक्त तो पुढे रोवलेला आहे.

पहिल्या दिवशी मैदानाच्या फाटकातून गाडी बाहेर पडली तेव्हा सुपडूचा लाजलेला, चाचरता आवाज मला ऐकू आला. “पंप… निंब… वजनकाटा…” आणि उस्तादांची गर्जना, “जोर से! तेरी बारात में आया हूँ क्या?” गाडी दूर जाईपर्यंत मी ऐकत राहिले. “मोठी चिंच… पूल… नै, पूलवर नै, पूलना पुढे…” मैदानात इतर उमेदवार हसत होते. परभणीकर म्हणाला, “म्याडम, हे गाडी चालवायलंय का कंडक्टरकी करायलंय?” संध्याकाळी उस्तादांनी त्यालाही तेच करायला लावलं.

मी मात्र हसले नाही. मी त्या नावांतली लय मोजत होते. झाड, पंप, झाड, वळणापलीकडची मोकळी जागा. साऱ्या रस्त्याला कुणीतरी यतिस्थानं नेमून देत होतं.

चाचणीच्या दिवशी सुमन सकाळपासून शेडमध्ये बसून होती. देसाईसाहेब इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात केबिनमध्ये चढले, मध्ये उस्ताद, स्टिअरिंगवर सुपडू. गाडी गेली. परत येण्याची वेळ होऊन गेली. सुमनने शेड झाडली, पाट्या पुसल्या, मग पुन्हा शेड झाडली. मी तिला बसा म्हटलं तर म्हणाली, “बसू दिस का मन?” बसू देतं का मन!

अखेर गाडी आली. पहिल्यांदा उतरले देसाईसाहेब, आणि त्यांचा पांढरा शर्ट पोटापासून कोपरापर्यंत काळा झालेला होता. सुमनने माझा दंड धरला.

“टायर फाट्युं,” साहेब मला म्हणाले. बारडोलीच्या अलीकडे पुढचा डावा टायर बंदुकीसारखा फुटला होता. स्वतः साहेब घाबरून ‘ब्रेक, ब्रेक’ असं ओरडले होते. सुपडूने ब्रेक मारला नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून, ‘बाभूळ, बाभूळ, बाभूळ’ असं म्हणत त्याने लंगडती गाडी हळूहळू त्या बाभळीपर्यंत नेली, रस्त्याखाली घेतली आणि तिथे थांबवली. मग तिघांनी मिळून टायर बदलला.

“अने मने जॅक पकडाव्यो!” साहेब शर्टाकडे पाहत म्हणाले. त्याने मला जॅक धरायला लावला. ते रागावले होते की खूश होते हे त्यांनाही ठरवता येत नसावं. पण यादीतलं नाव राहिलं.

सुमन सुपडूपाशी गेली, त्याच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, “चाल, भात शिजाडू आते.” चल, आता भात शिजवू. तेवढंच.

हुसेनमियाँ मात्र त्या संध्याकाळी दाणे एकेक करून खातानाही खूश दिसत नव्हते. मी म्हटलं, “उस्ताद, झालं ना?” ते म्हणाले, “मैं बाजू में था, बेन. मेरे डर से बोला. अकेला जाएगा तब बोलेगा क्या? वो इम्तिहान तो हम देख नहीं पाएँगे.” आणि ते खरं होतं. आमच्या धंद्याची हीच रुखरुख. वर्गातली मुलं डोळ्यांसमोर उत्तरं लिहितात, आमचे विद्यार्थी फाटकाबाहेर पडले की त्यांचं उत्तर आम्हाला कधीच वाचायला मिळत नाही. वाईट असलं तरच ते कानावर येतं. सुमनचा हात माझ्या टेबलावरून उचलला गेला होता, पण त्याचा भार तिथेच होता.

पुढच्या हंगामात, एका कामासाठी बारडोलीला गेले असताना, परतीची एसटी चलथाणच्या अलीकडे बंद पडली. तीही, काय सांगावं, भर रस्त्यात. आम्ही प्रवासी साइडपट्टीवर उभे. ऊन मऊ झालेलं, दोन्ही बाजूंना उसाचे तुरे रुपेरी. समोरून येणारी आणि मागून येणारी वाहनं आमच्या बसला वळसा घालत, एकमेकांवर ओरडत जात होती. त्या रांगेत मला आमच्या कंपनीची गाडी दिसली, साखरेच्या पोत्यांनी भरलेली, मागे दोन मोटारी आणि एक उसाचा ट्रॅक्टर चिकटलेला. मी काही विचार न करता हात वर केला. केबिनमध्ये सुपडू एकटा होता.

त्याने मला पाहिलं. निश्चित पाहिलं, कारण त्याच्या भुवया वर गेल्या. आता हा इथेच उभा राहणार, आणि मागचा ट्रॅक्टर… मी हात झटकन खाली घेतला. गाडी थांबली नाही. वेगही बदलला नाही. ती माझ्या अंगावर गरम वारा टाकत शेजारून गेली आणि त्या क्षणात काचेआड त्याचे ओठ हलताना मला दिसले. आवाज माझ्यापर्यंत आला नाही. पण ओठ हलत होते, एका लयीत, शेजारी कुणी नसताना.

गाडी दूर गेली. बसमधल्या एक बाई म्हणाल्या, “तुमच्या ओळखीचा होता ना? बघा, थांबलासुद्धा नाही.” बऱ्याच पुढे, एका आंब्याखाली जिथे रस्ता रुंद होतो तिथे, गाडीचा दिवा लुकलुकला, ती सावकाश रस्त्याखाली उतरली आणि उभी राहिली. मागच्या मोटारी सुखरूप निघून गेल्या. मग एक उंच, खांद्यातून वाकलेला माणूस त्या आंब्यापासून आमच्याकडे चालत येऊ लागला. घाई नाही, धापा नाहीत. मी त्याच्या दिशेने निघाले. माझे डोळे भरून आले होते आणि ते धुळीमुळे आले आहेत असं मी मनाशी ठरवून टाकलं.

त्याने माझी पिशवी घेतली. इतकी वर्षं मी ट्रक शिकवला होता, पण भरल्या गाडीच्या केबिनमध्ये पाय कधी ठेवला नव्हता. पायरी माझ्या कमरेच्या उंचीला होती. सुपडूने दार उघडून धरलं, खांद्यावरचा पंचा काढून सीटवरची साखरेची पांढरी भुकटी झटकली, आणि माझ्याकडे वळून म्हणाला,

“बसा.”